पत्त्याचा नियम

"खिडकी उघड रे," साहेब शिपायाला म्हणाला.

मी नुकतीच खुर्चीत टेकले होते. मांडीवर फाइल. फाइलमध्ये बी.कॉम.चं मार्कशीट आणि टायपिंगचं सर्टिफिकेट. ऐंशीच्या दशकातला उन्हाळा, ठाण्यातली एक कंपनी, पर्सोनेल खात्याची केबिन, नोकरीची मुलाखत. साहेब माझा अर्ज वाचत होता. पत्त्यापाशी आला आणि थांबला. कोळीवाडा, कोपरी. नाकाला रुमाल लावला नाही. तोंडही वाकडं केलं नाही. नुसतं म्हणाला, खिडकी उघड. शिपायाने उघडली. गरम वारा आत आला, टेबलावरचे कागद उडाले, ते शिपायानेच गोळा केले.

मला एकही प्रश्न विचारला नाही. कळवू, म्हणाला. मी उठले. वर "थँक्यू सर" म्हटलं. ते थँक्यू मला अजून खुपतं.

घरी आय दारातच बसली होती. बाजारात मासळी विकून तिने मला शिकवलं. तिने विचारलं, "काम झाला का गो?" मी नाही म्हणून मान हलवली. का नाही झालं ते सांगितलं नाही. मोरीत गेले, लिंबू कापलं आणि हात घासले. कोपरापर्यंत. रडू आलं नाही. रागही नाही. बसून बसून पायाला मुंग्या येतात आणि मग पाय आपला वाटेनासा होतो, तसं आत काहीतरी झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी मी हातांना लिंबू लावत आले. आयला वाटायचं, पोरगी नटायला लागली.

मग कॉम्प्युटरचा कोर्स केला. नव्वदच्या सुमारास डोंबिवलीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले. दोन खोल्या, खाली पोळीभाजी केंद्र. आम्ही निर्णय घेणारं सॉफ्टवेअर बनवायचो. नाव भारदस्त, गोष्ट सोपी. एरवी प्रोग्राममध्ये नियम कुठेतरी खोल पुरलेले असतात, लिहिणाऱ्याशिवाय कुणाला सापडत नाहीत. आमच्यात ते वेगळे काढून ठेवलेले. जर असं असेल, तर तसं करा. जर टायपिंग येत नसेल, तर अर्ज बाद. साहेबलोकांना वाचता यावेत आणि उद्या बदलता यावेत, अशा साध्या वाक्यांत. मशीन प्रत्येक अर्ज त्या नियमांतून काढणार आणि निकाल देणार. का, असं विचारलं तर ज्या नियमाने निकाल लागला तो पडद्यावर दाखवणार. मला हे शेवटचं फार आवडायचं. मला कुणी कारण सांगितलं नव्हतं.

माझं काम माणसांकडून नियम काढून घेण्याचं. अनुभवी साहेबाशेजारी बसायचं, तो कसं ठरवतो ते विचारत राहायचं, त्याची वाक्यं करून टाइप करायची. नंतर त्याने पूर्वी निकाली काढलेले अर्ज मशीनला घालून बघायचे. दोघांचं उत्तर जुळलं पाहिजे. जुळलं नाही, तर साहेबाचा एखादा नियम सांगायचा राहिलाय, असं समजायचं.

एकदा आमच्या सरांनी मला अशाच कामासाठी ठाण्याला नेलं. तीच कंपनी निघाली. साहेबही तोच, डोक्यावरचे केस तेवढे गेलेले. नोकरीसाठी येणारे अर्ज आता मशीन चाळणार होतं. त्याने मला ओळखलं नाही. मॅडम म्हणाला, चहा मागवला. मला काही वाटलं नाही. खरंच काही वाटलं नाही.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. आत एसी, काचा कायमच्या बंद. त्या बंद खोलीत आठवडाभर तो माझ्या शेजारी, कोपराला कोपर लागेल इतका जवळ बसला. शिक्षण, वय, टायपिंग, अनुभव, सगळे नियम त्याने भराभरा सांगितले. आयच्या बोटात काटा जाऊन ते पिकलं होतं, म्हणून त्या आठवड्यात बाजाराची करंदी, ती बारीक कोळंबी, मीच सोलत होते. शेवटच्या दिवशी तर घरात लिंबूही नव्हतं. साबणावर भागवलं आणि दिवसभर हात ओढणीत लपवत बसले.

त्याच दिवशी आम्ही जुने अर्ज मशीनला घातले. त्याने बाद केलेल्यांपैकी बरेच जण मशीनने पास केले.

"मॅडम, तुमचं मशीन चुकतंय."

मशीन तुम्ही सांगितलेलंच करतंय, असं मी म्हटलं. एखादा नियम राहिला असेल, आठवून बघा. तो हसला. सगळं काय सांगून होतं का, म्हणाला, समोर माणूस आला की कळतंच. काय कळतं, मी विचारलं. मला तो नियम लिहायचा होता. माझं कामच होतं ते.

"पत्ता टाका ना त्यात," तो म्हणाला. "कोळीवाडा, खाडीकडच्या चाळी. चांगली माणसं असतात हो, पण वास येतो. बाकीच्यांनी बसायचं कसं?"

अगदी सहज बोलला. आवाजात द्वेष नव्हता. मी टाइप केलं, 'जर'. पुढे हात जाईना. मी त्याला सांगितलं, कारण विचारलं की हेच वाक्य पडद्यावर दिसणार. मग तसं लिहू नका, म्हणाला, 'इतर कारण' लिहा. मी मागे बसलेल्या आमच्या सरांकडे बघितलं.

"लिहून टाक गं," सर म्हणाले. "कंपनी त्यांची, नियम त्यांचे. आपण फक्त टाइप करायचं."

म्हणजे मला बाद करायचं कामही मीच, माझ्या हाताने करायचं होतं. मी ओढणीतून दोन्ही हात काढून कीबोर्डवर ठेवले.

"साहेब, मी कोपरीच्या कोळीवाड्यातली. तुम्ही माझ्यासाठी खिडकी उघडायला लावलेली. आज सकाळी करंदी सोलून आलेय. आठवडाभर शेजारी बसलाय तुम्ही. वास आला?"

त्याने खुर्ची मागे घेतली. आठवडाभर जिथे होती तिथून हातभर मागे. मग काचेकडे बघितलं. ती उघडणारी नव्हती.

मी 'जर' पुसून टाकलं. हा नियम मी लिहिणार नाही, म्हणाले, आणि बसून राहिले. शेवटी तोच उठला आणि चपला घालून गेला.

पहिल्या तारखेपासून येऊ नकोस, असं सरांनी परतताना रिक्षातच सांगितलं. तो नियम आता दुसरं कुणीतरी लिहील, 'इतर कारण' म्हणून. कोळीवाड्यातल्या पोरी अर्ज करतील, मशीन त्यांना बाद करेल आणि त्यांना वाटेल, आपलंच काही कमी पडलं. हे मला थांबवता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी आयला पहिल्यांदा खिडकीची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. दुखऱ्या बोटाला फडकं गुंडाळत म्हणाली, "तवा तू उठलीस कशाला गो?"

मी टोपली ओढली आणि उद्याची करंदी सोलायला बसले. लिंबू आणलं नाही, आता आणणारही नाही.

पुन्हा नोकरी शोधायची. पत्ता पूर्ण लिहीन. नियम लिहायला बसवलं, तर जो अर्ज करणाऱ्याच्या तोंडावर सांगता येत नाही तो लिहिणार नाही. आणि कुणाला माझा वास आला तर त्याने खिडकी उघडावी, दार उघडावं, बाहेर जाऊन उभं राहावं. मी खुर्चीतून उठणार नाही.