खंडेनवमीचा पाना

मी आणि माझे थोरले साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, आम्ही दोघं एके काळी ठेकेदार होतो, हे घरात आता कुणाला खरं वाटत नाही. मलाही फारसं वाटत नाही. ठेकेदार हा शब्द आमचा आम्हीच लावून घेतला होता. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायची, पंप बसवायचे, नळ जोडायचे, हे काम. दुकान म्हणजे अणदूरजवळ सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेचा एक लिंब. सावली फिरेल तसं आम्ही इंजिन फिरवायचो. बेंबळीहून कुणी बैलगाडीत घालून इंजिन आणावं, आम्ही ते खोलून गोणपाटावर मांडावं, आणि नेमकी तेव्हाच वावटळ उठावी. धूळ पार पिस्टनपर्यंत जायची. मग पुन्हा सगळं धुवायचं. साडू म्हणायचे, "पावणं, डोक्यावर पत्रा असल्याबिगर ह्या धंद्यात इज्जत न्हाय."

तो पत्रा आम्हाला समोर दिसत होता. रस्त्यावरच्या पेट्रोलपंपामागं एक रिकामी खोली होती, पत्र्याची, दाराला कडी असलेली.

निजामी जाऊन दहाबारा वर्षं झाली होती. रस्त्यावर ट्रक वाढले होते आणि पंपामागचा गाड्या धुवायचा रॅम्प जुन्या अंमलदारांच्या मोटारींच्या मापाचा होता. दोन बुटक्या भिंती, त्यावर मोटार चढवायची, आणि माणसानं मधे वाकून बादलीनं खालचा चिखल काढायचा. ट्रक त्यावर मावत नव्हता. पंपाच्या मालकानं रॅम्प रुंद आणि उंच करायचं ठरवलं, बादली जाऊन दाबाच्या पाण्याची नळी यायची होती. भिंतींचं काम सोलापूरकडच्या एका गवंड्याला दिलं, पाण्याचं आम्हाला. आणि वर, आम्ही तिघं समोर उभे असताना, म्हणाला, "दसऱ्याला माझे दोन ट्रक नव्या रॅम्पवर धुवून पुजायचेत. त्या दिवशी ज्याच्या कामात खोट न्हाय, त्याला मागची खोली. बिनभाड्याची."

गवंड्यालाही ह्या रस्त्यावर कामं धरायला ठिकाण हवं होतं. त्यानं आमच्याकडं पाहिलं, आम्ही त्याच्याकडं. तेवढं पुरलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पाईपासाठी चर खोदला आणि भाकरी खायला गेलो. परत येतो तर चरात त्याचा सगळा राडारोडा.

"इथं आमचा चर व्हता," साडू म्हणाले.

"चर व्हय?" गवंडी वीट ठोकता ठोकता म्हणाला. "मला वाटलं डुकरानं उकरलंय."

आम्ही उकरून काढला. मग विहिरीवरच्या इंजिनाचे वॉल्व्ह घासायला काढून ठेवले. घासायला झालेच होते ते, पण त्याच दिवशी झाले नव्हते. त्याच्या ताज्या भिंतीला पाणी मिळेना.

"भिंत तडकंल," तो ओरडला.

मी म्हणालो, "भिंतीला म्हणावं, दम धर."

हे बोलताना मला मी फार बाणेदार वाटलो. प्रत्यक्षात झालं असं, की त्याच्या हाताखालच्या बाया ओढ्यावरून डोक्यावर घागरी वाहू लागल्या, आणि येता-जाता आम्हाला जे बोलू लागल्या त्यातलं इथं लिहिण्यासारखं काहीच नाही. त्यातलं काही मी पाठ मात्र केलं. पुढं इंजिनांशी बोलताना उपयोगी पडलं.

ह्या सगळ्या धामधुमीत मालकानं गाड्या धुणं बंद ठेवलं नव्हतं. इकडं विटा, तिकडं पाईप, मधे एक ट्रक, ड्रायव्हरच्या शिव्या चालू. एकाचं मागचं चाक आमच्या चरात गेलं. ड्रायव्हर खाली उतरून विचारता झाला की हे कुणाचं खोदकाम. गवंड्यानं थापीनंच आमच्याकडं बोट केलं. बाजेवर बसलेला मालक म्हणाला, "म्या ठेकेदार आणले का सवती आणल्या?" आणि पान लावायला लागला. आम्हाला एकमेकांच्या अंगावर सोडून त्याचं काम दुप्पट वेगानं होत होतं, हे त्याला चांगलं कळलं होतं.

होता होता खंडेनवमी उजाडली. भिंती उभ्या राहिल्या होत्या. आमचा पाईप विहिरीपासून रॅम्पपर्यंत आला होता. राहिला होता फक्त शेवटचा सांधा, नळीच्या तोंडाशी. गळू नये म्हणून त्याला सुतळी गुंडाळून सफेदा लावून ठेवला होता, हातानं आवळला होता. मोठ्या पाईपपान्यानं दोन दणके दिले की संपलं. साडू म्हणाले, आधी पूजा, मग पाना.

इथंच चुकलं. खंडेनवमीला आपलं हत्यार धुवून, हळदकुंकू वाहून पुजायचं, आणि एकदा पुजलं की दसऱ्याला ती पूजा उतरवेपर्यंत उचलायचं नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. साडूंना तर माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांचा बेत किरकोळ पाने पूजेत मांडायचा आणि मोठा पाना सांधा आवळून झाल्यावर मागाहून ठेवायचा, असा होता. पण गवंड्यानं आमच्या आधी येऊन रॅम्पजवळ, बरोबर मालकाच्या बाजेसमोर पूजा मांडली होती. थाप्या, ओळंबे, पाट्या, फावडी, पहारी, झेंडूच्या माळा. आम्ही कोपऱ्यात चार पाने मांडले तसा तो आपल्या बायांना म्हणाला, "बघा गं, येवढीच हत्यारं. बाकीचं उसनं दिसतंय."

साडू उठले. पिशवी उलटी केली. छोटे पाने, मोठे पाने, हातोडा, छिन्नी, करवत, ग्रीसचा डबासुद्धा मांडला. आणि सगळ्यांच्या वर, मुकुटासारखा, पाईपपाना. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मीही हात जोडले. त्याच्यापेक्षा आमची पूजा मोठी दिसत होती, ह्या आनंदात मी खोबऱ्याचा तुकडाही तोंडात टाकला.

मग मालक बाजेवरून म्हणाला, "पाणी सोडून दाखवा की."

साडूंनी पूजेकडं पाहिलं. मी पूजेकडं पाहिलं. गवंड्यानंही पाहिलं, आणि तो हसला नाही, नुसता खाली बसला, तमाशाला बसावं तसा.

मी सायकल घेऊन अणदूरला गेलो. लोहाराचा सांडस पूजेत. सुताराचं सगळं पूजेत. शेवटी सायकलवाल्या चाचांकडं गेलो. म्हटलं, हे मुसलमान, ह्यांचे पाने तरी मोकळे असतील. चाचांनी आत बोट केलं. त्यांचेही पाने झेंडूत. "गिऱ्हाईक सारी तुमचीच हैत बाबा," ते म्हणाले. "न्हाय पुजलं तर उद्या पंक्चर कोण काढून घेईल माझ्याकडनं?"

परत आलो तेव्हा अंगावर घाम आणि डोक्यात राग होता. खोली समोर होती. पाना हातभर अंतरावर होता. मी म्हणालो, "साडू, देवाला सांधा कळतो," आणि वाकलो. साडूंनी माझं मनगट धरलं.

"पावणं, उचलला तर आपलं साडूपण सुटलं."

"खोली जाईल."

"जाऊं द्या. इंजिन रोज पोटात हात घालू देतंय आपल्याला. ते ह्या हत्यारांमुळं. त्यांना पुजून त्यांच्याच डोक्यावरनं पाना वढायचा?"

"उचलू द्या की त्यांना," गवंडी म्हणाला. "मी देवाला सांगतो, माणूस अडचणीत व्हता म्हणून."

ह्यावर मी उचलणं शक्यच नव्हतं. साडूंनी विहिरीचं चऱ्हाट भिजवलं, सांध्याला वेढे दिले, त्यात एक लाकूड अडकवलं आणि आम्ही दोघांनी लोंबकळून पिळलं. सांधा फिरला, पण पुरता नाही.

दसऱ्याला सकाळी पाहुणे जमले. ट्रक रॅम्पवर चढला, भिंती हलल्या नाहीत. इंजिन चालू केलं. निम्मं पाणी सांध्यातून साडूंच्या धोतरावर गेलं, उरलेलं नळीतून आलं, म्हातारा लघवीला बसावा तसं. पाहुण्यांतल्या एकानं मान वळवून हसू लपवलं. मालकानं सगळ्यांसमोर खोलीची किल्ली गवंड्याच्या हातात ठेवली.

दुपारी मुहूर्त झाल्यावर पूजा उतरवली. साडूंनी पाईपपाना उचलला, दोन दणके दिले. पाण्याची धार ट्रकच्या टपावरून पलीकडच्या हरभऱ्याच्या ढेकळांत गेली.

मालक म्हणाला, "हे सकाळी का न्हाय झालं?"

"सकाळी देव होता तो," साडू म्हणाले.

"मग देवाकडनंच खोली घ्या."

दसऱ्याला दिलेला शब्द त्यालाही परत घेता येत नव्हता, आणि घ्यायचाही नव्हता. तेवढ्यात गवंडी आपट्याची पानं घेऊन आला. सोनं नाकारता येत नाही, आणि दिल्यावर गळाभेट चुकत नाही. त्याच्या अंगाला चुन्याचा वास होता. माझ्या कानाशी तो हळूच म्हणाला, "खोली लई तापती म्हणं, इंजिनेर. सुटलात तुम्ही."

घरी दोन्ही बहिणींनी मिळून पुरणाचा स्वयंपाक केला होता. आम्ही पाटावर बसलो, एकमेकांकडं न बघता. माझ्या बायकोनं वाढता वाढता विचारलं, "खोलीचं काय झालं?"

"ह्यांच्यामुळं गेली," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

तिनं तुपाची वाटी आमच्या दोघांच्या मधून उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी माकणीहून एकाचं इंजिन आलं. साडू लिंबाच्या ह्या बाजूला बसले, मी त्या बाजूला. पण इंजिन एकच होतं, आणि पाईपपानाही एकच. दुपारपर्यंत पाना गोणपाटावरून इकडं-तिकडं सरकत राहिला. मग वावटळ आली, आणि गोणपाटाची दोन टोकं धरायला दोघांनाही उठावं लागलं.