बगळ्यांखालची जमीन

लोणंदहून एसटी धरली तेव्हा श्रावणसर कोसळत होती. फलटण ओलांडलं आणि पाऊस मागेच राहिला. म्हसवडला चहा घेऊन गाडी बदलली. सांगली जिल्ह्याच्या हद्दीत शिरले तेव्हा दोन्ही बाजूंना नुसती खडकाळ माळरानं होती.

मी माती तपासण्याचं काम करते. त्याच कामासाठी गेल्या उन्हाळ्यात आर्क्टिकमधल्या एका बेटावर गेले होते. सगळीकडे उघडा दगड, पण समुद्रपक्ष्यांच्या कड्यांखाली दाट हिरवळ. पक्षी समुद्रातले मासे खातात, त्यांची विष्ठा उतारावर पडते, त्यावर गवत वाढतं आणि त्या गवतावर रेनडिअर जगतात. हे मी वहिनीच्या आईला, तानुमावशींना कौतुकानं सांगितलं. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. तळ्याकाठच्या त्यांच्या बाभळींवर बगळे आणि पाणकावळे घरटी करत. खालच्या पट्टीत खताची पाटी कधी टाकावी लागली नव्हती. “आमचा जोंधळा बघाय ये की,” त्या म्हणाल्या होत्या.

थांब्यावर मावशी अनवाणी उभ्या होत्या. चालता चालताच त्यांनी सांगितलं, की दिरानं सकाळी बाभळी पाडल्या.

तळ्याकाठी आधी वास आला, मग आवाज. आडव्या फांद्यांत चिरडलेली घरटी, फुटलेली निळसर अंडी, पंख न फुटलेली पिल्लं. काही अजून चोच उघडत होती. वर मोठे बगळे घिरट्या घालत होते. एक बगळा बुंध्याशी उतरला, इकडेतिकडे बघत राहिला आणि पिल्लांसाठी आणलेला मासा मातीत ओकून उडून गेला.

दीर, शंकरराव, कुऱ्हाड बाजूला ठेवून बसले होते. चिडलेले नव्हते, थकलेले होते. झाडांवरून शेजारच्या विहिरीत घाण पडायची, नात सारखी आजारी पडायची, असं त्यांनी मला सांगितलं. मग खाली बघत म्हणाले, “पिल्लं हायत हे ठावं हुतं. एवढी असतील असं वाटलं न्हाई.”

मी वनखात्याला फोन लावला. आम्ही जिवंत पिल्लं डालग्यात (कोंबड्या झाकायच्या टोपलीत) गोळा केली. थोड्या वेळानं शंकररावही उठले आणि फांद्या उचलून धरू लागले. दुपारी खात्याचा माणूस आला तोवर निम्मं डालगं गार पडलं होतं. उरलेली तो घेऊन गेला.

मेलेली ओढ्यात टाकू, असं मी सुचवलं. मावशींनी नकारार्थी मान हलवली. पट्टीच्या कडेला त्यांनी कुदळीनं चर खणला, पिल्लं एकेक करून ठेवली आणि हातानं माती ओढली. “हितलंच हाय ते,” म्हणाल्या, “हितंच ऱ्हाऊ दे.”

परतीच्या गाडीत शेजारची बाई माझ्या कपड्यांच्या वासानं उठून मागे जाऊन बसली. तिचं काही चुकलं नव्हतं. त्या दूरच्या बेटावर मी मातीचा थर बोटांनी मोजला होता, तो साचायला शेकडो वर्षं लागली होती. इथे साखळी तुटायला एक सकाळ पुरली, आणि तोडणाऱ्यालाही स्वतःचं लेकरूच वाचवायचं होतं.

संक्रांतीला मावशींचा फोन आला. बगळे तळ्यावर फिरकले नव्हते. मी जोंधळ्याचं विचारलं.

“चरावरचा लय दाट आलाय गं,” त्या म्हणाल्या. “पण त्याची भाकर घशाखाली उतरंल असं वाटंना.”