तांड्यावरचा नसाब आणि न लिहिलेलं नाटक

"कुठवर?" गाडी कोल्हापूर स्टेशनातून सुटली तसं शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"वसमत."

"सोयरे आहेत का तिकडं?"

"नाही, नाटक शिकवायला चाललेय. आखाडा बाळापूरच्या पोरांना."

आजोबांनी माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, मग माझ्या एकुलत्या एक पिशवीकडं. "आणि नाटकाचं सामान?"

सामान नव्हतंच. मी शिकवते त्या नाटकाला पडदा लागत नाही, पोशाख लागत नाहीत, आणि लिहिलेलं पुस्तक तर मुळीच नाही. एकानं एक वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं ते मान्य करायचं आणि स्वतःचं काहीतरी जोडून पुढं न्यायचं. पुढं काय होणार हे करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. उत्स्फूर्त नाट्य असं भारदस्त नाव आहे त्याला. मी हे सगळं रंगवून सांगितलं. आजोबा शांतपणे म्हणाले, "म्हणजे आमच्या घरी रोज चालतं ते." त्यानंतर मिरजेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

वसमतला कदम सर मोटारसायकल घेऊन हजर होते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी एका छोट्या संस्थेचं वसतिगृह बाळापूरला आहे, ते हे सर चालवतात. दिवाळी झाली की आईबाप कारखान्यांकडं निघतात. त्यांच्यामागून मुलं गेली की शाळा सुटते, आणि एकदा सुटलेली शाळा सहसा परत धरली जात नाही. मुलगे फडात मोळ्या बांधायला लागतात, मुलींची लग्नं होतात. अशा काठावरच्या मुलांना बोलतं करायला सरांनी मला बोलावलं होतं. आधी मी एका दिवाळी अंकात या नाटकाबद्दल मोठा लेख लिहिला होता, तो त्यांनी वाचला होता. लिहिणं सोपं असतं.

"मॅडम, घट्ट धरून बसा," सर म्हणाले. कुरुंद्याच्या पुढं दोन्ही बाजूंना हळदीची शेतं होती. केळीसारखी रुंद, हिरवीगार पानं कमरेच्या वर आलेली. आपल्याकडं ऊस जसा डोळ्यांत भरतो तशी इकडं हळद भरते. मी मान वळवून ती बघत होते आणि सर मान वळवून मला हळदीचं लागवडशास्त्र समजावत होते, तेवढ्यात गाडी घसरली. रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. लागलं काही नाही, पण आम्ही दोघं त्या सोयाबीनमध्ये बसलो होतो, आणि एक म्हातारी कमरेवर हात ठेवून आमच्यापुढं उभी होती.

"काहून वो सर, दिसत न्हाई का? माल हाय ते, रस्ता न्हाई!"

"मावशे, रस्ताच तर आहे की," मी म्हणाले.

"रस्ता गाडीवाल्यायला. सुगीत आमचा हाय." तिनं आम्हा दोघांना गोळा करायला बसवलं आणि झाल्यावर चहाही दिला.

सकाळी वसतिगृहात नाश्त्याला सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला, पोह्यांच्या वळणाचा पदार्थ) होती. वर शेव, कडेला हिरवी मिरची. मी तीन वेळा घेतली. वाढणारी बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम थोडी लेकरायला." मग मी हात धुतला.

वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये होता. काही पोरं वसतिगृहातली, काही जवळच्या बंजारा तांड्यावरून चालत आलेली. मी माझा ठेवणीतला खेळ काढला. समोरच्यानं हातात काहीतरी धरल्याचं दाखवायचं, बाकीच्यांनी ते खरं मानायचं. मी मूठ पुढं केली आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "अरे बापरे, हे काय! साप!"

कोल्हापुरात या वाक्याला मुलं किंचाळतात, हसतात. इथं कुणी हसलं नाही. करण नावाचा उंच मुलगा सरळ उठला, बाहेर गेला आणि कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आला. दोघींनी लहान मुलांना बाकावर चढवलं. एकजण म्हणाला, "मॅडम, मुंडकं दाबून धरा, सोडू नका." माझी मूठ रिकामी आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण मानायचं म्हटल्यावर त्यांनी अर्धवट मानलं नाही. तीस वर्षं शिबिरं घेतेय, इतकं सच्चं नाटक माझ्यापुढं कुणी केलं नव्हतं. मी खूश झाले आणि तो साप शेडबाहेर नेऊन सोडूनही आले.

त्या घोळक्यात पायल राठोड होती. नववीतली, हाडकुळी. पहिल्या दिवशी ती नाव सोडून काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली तेव्हा ती शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती चालली, आणि सगळी पोरं ओरडली, "कदम सर!" मग ती पुन्हा चालली. या वेळी ती मी होते. माझा गुडघा दुखतो हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिची हकिगत सरांनी सांगितली. आईबाप फडात जायचे तेव्हा पायल आजीजवळ तांड्यावर राहायची. उन्हाळ्यात आजी गेली. आता तरण्या पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं? येत्या रविवारी गोळ खायचा ठरला होता. (गोळ म्हणजे गूळ. बंजारा समाजात दोन्ही घरांनी मिळून तो खाल्ला की सोयरीक पक्की, दिलेला शब्द मोडत नाही.) दिवाळीनंतर लग्न, आणि नवऱ्याबरोबर तीही फडात.

"वसतिगृहात जागा आहे ना?" मी चिडून विचारलं.

"चारदा गेलो. प्रल्हाद, तिचा बाप, म्हणतो, सर, तुमी आज हाव, उद्या बदलून जासाल."

"मग कायदा आहे."

"तो सांगितला की लांबच्या पाहुण्याकडं नेऊन उरकतात. मागच्या साली एक लेकरू असंच गेलं हातचं."



शनिवारी संध्याकाळी पायलच्या तांड्यावर खेळ करायचा होता. उन्हं उतरल्यावर मंदिरापुढच्या पटांगणात माणसं जमली. बाया एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला. आपसात त्यांची गोरबोली (बंजारा भाषा) चालली होती. माझ्यासाठी मात्र खेळ मराठीत होणार होता. मधोमध बाजेवर तांड्याचे नायक बसले होते, पांढरं धोतर, लाल फेटा, भुवयाही पांढऱ्या. त्यांचा शब्द तांड्यात शेवटचा. प्रल्हाद मागं लिंबाला टेकून उभा होता.

मी म्हणाले, "तुम्ही एखादा विषय द्या, मुलं आत्ता इथं गोष्ट करून दाखवतील."

एक आजी ओरडल्या, "नसाब बसवा की!" नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. सगळे हसले.

करणनं गमछ्याचा फेटा बांधला आणि नायक होऊन मंदिरापुढच्या पंचायतीच्या ओट्यावर बसला. "बोला, कशावर नसाब?"

मला वाटलं होतं, म्हैस हरवली, बांध फोडला, असलं काहीतरी निघेल. पायल पुढं आली. तिनं खांदे पाडले, डावा हात पाठीवर ठेवला आणि दमलेल्या माणसासारखी चालत ओट्यापुढं जाऊन बसली. बायांमध्ये कुजबुज झाली. सगळ्या लिंबाकडं बघायला लागल्या. प्रल्हाद तसाच हात पाठीवर ठेवून उभा होता.

"नायक," पायल जाड आवाजात म्हणाली, "माझ्या पोरीचा गोळ खायचा हाय."

 हे कुणी ठरवलेलं नव्हतं. खेळ थांबवावा का, असं मी सरांकडं पाहिलं. ते हलले नाहीत.

करणला घाम फुटला. तेवढ्यात बाप्यांमधून कुणीतरी म्हणालं, "खरा नायक समोर बसलाय अन् खोट्याला काय ईचारता?" हशा झाला. नायक हसले नाहीत. ते बाजेवरून उठले, ओट्यापाशी आले आणि करणला म्हणाले, "सरक." ते ओट्यावर बसले तसा करणचा फेटा क्षणात उतरला. त्याच गमछ्याची त्यानं डोक्यावर ओढणी घेतली आणि पायलच्या बाजूला पोरगी होऊन बसला. शाब्बास रे पठ्ठ्या, मी मनात म्हणाले.

"काहून घाई करतो लग्नाची?" नायकांनी पायलला, म्हणजे बापाला विचारलं.

"हौस न्हाई, नायक. म्या फडात, हिची याडी (आई) फडात. हितं पोरगी एकटी. रातच्याला मोळी बांधताना ध्यान पोरीपाशी ऱ्हातं. माझी माय होती तवर काळजी नव्हती. आता कुणाला सांगू, नजर ठिवा म्हणून?" तिचा आवाज फुटला, पण तो बापाच्याच आवाजात फुटला. "पोरगी हुशार हाय. मला कळत न्हाई का? कळतं. पर भेव वाटतं."

 तिनं बापाला एका शब्दानं दोष दिला नव्हता.

"अन् पोरी, तुझं काय?" नायक करणकडं वळले.

"बापू म्हणतो ते बराबर हाय," करण बारीक आवाजात म्हणाला. आधी मान्य करायचं, मग जोडायचं, शिकवलेलं तो विसरला नव्हता. "अन् म्हणून म्या बाळापूरला वसतिगृहात ऱ्हाते. तिथं पोरींच्या खोल्या येगळ्या हायेत."

"तिथं तरी जिम्मा कोणाचा?"

 उत्तर पायलनं दिलं, मान वर करून. "नायक, तुमी घेता का जिम्मा?"

नायकांनी फेटा नीट केला. मग म्हणाले, "घेतला. बाजाराच्या दिवशी म्या बाळापूरला जातोच. पोरीला बघून येईन. पोरगी शिकल. अठराच्या आत गोळ खायचा न्हाई."

मी भान विसरून टाळ्या वाजवल्या. माझ्यामागं पोरांनीही वाजवल्या. नायक माझ्यावर खेकसले, "टाळ्या काहून वाजवून राहिल्या, मॅडम? नसाब उठला न्हाई अजून!"

माझे हात हवेतच राहिले. इतका वेळ मी नाटक बघत होते. त्यांनी खरोखरीचा नसाब बसवला होता. नायक पंचायतीच्या ओट्यावर बसले, प्रश्न विचारला गेला, शब्द दिला गेला. नसाबात बोललेलं मागं घेता येत नाही, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला.

नायकांनी लिंबाकडं बघून हाक मारली आणि आता ते गोरबोलीत बोलायला लागले. सर माझ्या कानाशी लागले. "ईचारून राहिले, प्रल्हाद, तुझ्यावतीनं जे बोललं गेलं ते कबूल हाय का? नसल तर आत्ता सांग."

प्रल्हाद पुढं आला. पायल उठली, खांदे सरळ झाले आणि ती एकदम नववीतली पोरगी दिसायला लागली. बाप तिच्याकडं बघत राहिला. मग नायकांकडं वळून दोन वाक्यं बोलला. मला काहीच कळलं नाही. मी सरांचा दंड इतका दाबला की त्यांना वळ उठला असेल.

"काय म्हणाला? सर, काय म्हणाला?"

 चष्मा काढून सरांनी डोळे पुसले. "म्हणतो, म्या इतकं बराबर बोललो नसतो. पोरीनं सांगितलं तेच माझं. कबूल."

मग नायक म्हणाले, "उठला नसाब." आता टाळ्या वाजवायला हरकत नव्हती. पण मला वाजवता येईनात, कारण बायांनी मला मिठ्या मारायला सुरुवात केली होती. पायलची आई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी मी दाळ-बाटी खाल्ली, बरीच खाल्ली, आणि या वेळी कुणी राहू द्या म्हणालं नाही.

परतीच्या गाडीत मला झोप आली नाही. मोठ्या शहरांतल्या रंगमंचांवर माझ्या शिष्यांना बक्षिसं मिळालेली मी पाहिली आहेत, फोटो काढले आहेत, भिंतीवर लावले आहेत. त्या पटांगणातला एकही फोटो माझ्याकडं नाही. पण अभिमान म्हणतात तो हाच, हे मला पहिल्यांदा इतकं स्वच्छ कळलं. पायलचा अभिमान, घाम फुटूनही अडून न बसलेल्या करणचा, लोकांसमोर भीती कबूल करणाऱ्या बापाचा, आणि हो, थोडा माझाही. तेवढा माझा हक्क आहे.

दिवाळीनंतर सरांच्या फोनवरून पायल बोलली. ऊसतोडीचे ट्रॅक्टर गेले होते. निघण्याआधी बापूंनी स्वतः तिची पेटी वसतिगृहात आणून ठेवली होती. बाजाराच्या दिवशी नायक येतात, व्हरांड्यात बसतात, तिला जेवताना बघतात आणि मगच भाजी घ्यायला जातात. शेजारच्या दोन तांड्यांनी खेळ करायला बोलावलं आहे, तेही तिनं सांगितलं.

"मग तिथं काय होणार? पुन्हा बाप?"

"न्हाई मॅडम. बाप करणला दिला."

"आणि तू?"

"म्या पायल व्हणार," ती म्हणाली. "तिचं काम अजून कुणीच नीट केलं न्हाई."