हॅना गार्स्टँगची साक्ष

हॅना गार्स्टँग माझ्या दारात आली तेव्हा विल्फला जाऊन चार दिवस झाले होते. तिच्या हातांना हेरिंगचा वास येत होता, म्हणजे कामावरून सरळ आली होती. नवरा मेल्यावर चौथ्या दिवशी मासे कापायला जाते म्हणून आमच्या गल्लीनं तिला नावं ठेवली असती. पण गल्लीला त्या आठवड्यात त्याहून मोठा विषय मिळाला होता.

"आत येत नाही, डोरा," ती म्हणाली. "उद्या चौकशीला तू येणार ना, तुझ्या साहेबाबरोबर?"

"यावंच लागेल. कागद सांभाळायचे आहेत."

"पहिल्या बाकावर बस. बास, एवढंच सांगायला आले."

"का गं?"

"ओळखीचा चेहरा समोर असला की धीर येतो."

हॅनाला कधी कुणाच्या चेहऱ्याचा धीर लागला नव्हता. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

मी ब्लेमायरसाहेबांच्या कचेरीत टायपिस्ट होते. स्कारनेस बंदरात ट्रॉलर लागले की मासळीच्या टोपल्या उतरवायचा धक्का त्यांचा, टोपल्या उचलायची यारी त्यांची, मासळीला धुरी द्यायची भट्टी त्यांची, आणि आमच्या गल्लीतली निम्मी घरंही त्यांचीच. विल्फ गार्स्टँग त्यांच्या धक्क्यावर हमाल होता. बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. रविवारी हॅनाच्या हातात हात घालून चॅपेलला जायचा, आणि शनिवारी इतरांसारखा पिऊन पडायचा नाही, म्हणून बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. अकरा वर्षं दिलं.

सोमवारी सकाळी यारीचा दोर तुटला आणि कॉड माशांनी भरलेली टोपली त्याच्यावर पडली. इस्पितळात त्याचे कपडे कापून काढले, तेव्हा डॉक्टरला दिसलं की शरीर बाईचं आहे. विल्फ दुपारी गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या बंदराला कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी जन्माचा दाखलाही शोधून आणला. विनिफ्रेड गार्स्टँग, मुलगी.

शेजारच्या बाईनं हॅनाला विचारलं, "तुला माहीत होतं का गं?"

"अकरा वर्षं एका पलंगावर झोपले," हॅना म्हणाली. "आंधळी नाहीये मी."

पण मला एक गोष्ट माहीत होती जी गल्लीला माहीत नव्हती. दोर तुटायच्या तेरा दिवस आधी, मंगळवारी, विल्फ आणि हॅना कचेरीत आले होते. विल्फनं दोराचं एक टोक कापून आणलं होतं. ते त्यानं साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आतून कुजलाय, साहेब. एक दिवस कुणाच्या तरी डोक्यावर येईल." साहेबांनी त्याला हातही लावला नाही. "दोर माझा आहे, यारी माझी आहे. ईस्टर झाल्यावर बघू. तोवर ज्याला भीती वाटते त्यानं घरी बसावं." दार उघडं होतं आणि मी चार हातांवर टाइपरायटरशी बसले होते. हॅनानं तो तुकडा उचलून पिशवीत टाकला. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं होतं.

विल्फ मेला त्याच दुपारी मुकादम सेडननं तुटलेला दोर भट्टीत घातला. ते मी खिडकीतून पाहिलं. आणि गप्प बसले. आई नि मी राहत होतो ते घर साहेबांचं होतं.

चौकशी पोलीस कोर्टाच्या वरच्या मजल्यावर होती. अपघाती मरणांची चौकशी करणारे कॉरोनर हॉरॉक्स म्हणून होते, काटेकोर, कोरड्या गळ्याचे. समोर जूरीतली नऊ माणसं, त्यात पाव भाजणारा एक बेकर आणि लोकरीचं दुकान चालवणाऱ्या विधवा ऑल्डरसनबाई. मी पहिल्या बाकावर साहेबांच्या शेजारी बसले. कॉरोनरनी सुरुवातीलाच सांगितलं, "कागदोपत्री मृत व्यक्ती स्त्री आहे. इथे प्रत्येक जण खरं बोलण्याची शपथ घेणार आहे. तेव्हा प्रत्येक साक्षीदारानं तिचा उल्लेख स्त्री म्हणूनच करायचा. पुरुष म्हणणं हे शपथेवर खोटं बोलणं होईल, आणि तशी साक्ष मी नोंदवून घेणार नाही."

पहिला उभा राहिला टॉट रिमर, विल्फच्या जोडीनं टोपल्या उतरवणारा. त्यानं पुस्तक हातात धरून शपथ घेतली, खरं सांगेन, पूर्ण खरं सांगेन, खऱ्यावाचून काही सांगणार नाही.

"तो यारीखाली उभा होता, साहेब—"

"ती."

"हो साहेब. ती उभा होता. मी त्याला म्हटलं—"

"तिला."

"तिला म्हटलं, विल्फ, बाजूला हो, तर तो, म्हणजे ती..."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. टॉटच्या कपाळावर घाम आला. दोराचं नाव त्याच्या तोंडात येईपर्यंत कॉरोनरनी त्याला सहा वेळा अडवलं, आणि शेवटी सांगितलं, बसा. एवढा आडदांड माणूस, बाकावर बसून टोपी चुरगाळत राहिला.

मग सेडन आला. त्याला शिकवून आणलं होतं. यारीचा दोर चांगला होता, म्हणाला, तक्रार कुणाचीच नव्हती. टोपली सावरायची दोरी मयताच्या हातात होती. "तिला ती पेलली नाही. तिच्या हातून ती सुटली, टोपली फिरली, हिसका बसला नि वरचा दोर तुटला. तिनं घट्ट धरली असती तर ती आज जिवंत असती." इतक्या वेळा 'ती' आणि 'तिला' झालं की जूरीतला बेकर मान डोलवायला लागला. साहेबांचे वकील उठून एवढंच म्हणाले, "स्त्रीच्या मनगटात बळ किती असतं, हे मी मंडळींना सांगायला नको."

तेव्हा मला कळलं तो नियम कुणाच्या कामाचा होता. कॉरोनरना ते कळत होतं की नाही, देव जाणे. मी मान वळवली तर हॅना सेडनकडे बघत होती. खवले काढायच्या आधी माशाकडे बघतात तशी.

तिला बोलावलं. नवऱ्याच्या नात्यानं नव्हे, एका घरात राहणारी बाई म्हणून. तिनं पुस्तक घेतलं, शपथ म्हटली.

"नियम ऐकलात ना?" कॉरोनरनी विचारलं.

"ऐकला, साहेब."

"तर सांगा."

"दोर तुटायच्या तेरा दिवस आधी माझं माणूस कामावरून घरी आलं—"

"कोण?"

"माझं माणूस."

"मृत स्त्री म्हणायचं आहे का तुम्हाला?"

"माझं माणूस म्हणायचं आहे. घरात दोघंच राहत होतो, साहेब. एक मी, आणि दुसरं माझं माणूस."

वकील उठले. "हा नियमाला बगल देण्याचा प्रकार आहे."

हॅना वकिलाकडे न बघता कॉरोनरना म्हणाली, "मी शपथ घेतलीय. यात खोटं काय ते दाखवा, मी शब्द मागे घेते."

कॉरोनरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "पुढे बोला."

"माझं माणूस घरी आलं. खिशातून हे काढलं नि म्हणालं, हॅना, यानं कुणीतरी मरणार." तिनं पिशवीतून तो तुकडा काढला. "हे आम्ही दोघं ब्लेमायरसाहेबांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, ईस्टरनंतर बघू. मनगटाचं म्हणाल, तर मीही बाईच आहे. बघा." तिनं दोन्ही हातांच्या बोटांत दोर धरला आणि पिळला. आधी वरचे पीळ तुटले, मग भुगा पडला, काळा, ओल्या तंबाखूसारखा. अर्ध्या मिनिटात तिच्या हातात दोन तुकडे होते. एक तिनं जूरीच्या कठड्यावर ठेवला. बेकरनं तो उचलून स्वतः तोडून पाहिला.

"हा दोर तोच कशावरून?" वकील म्हणाले. "आणि असं बोलणं झालं, याला या बाईच्या शब्दापलीकडे पुरावा काय?"

ऑल्डरसनबाईंनी हात वर केला. "बाई, तुम्ही तक्रार केलीत तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

हॅनानं बोट उचललं. ते सरळ माझ्यावर आलं.

शेजारून साहेब हळू, जवळजवळ मायेनं म्हणाले, "डोरा, तुझी आई कुणाच्या घरात राहते ते आठव."

मी त्यांच्या शेजारून उठले आणि शपथ घेतली. एकदा बोलायला लागल्यावर थांबले नाही. मंगळवार, टेबल, तुकडा, ईस्टर, घरी बसावं, सगळं. भट्टीत घातलेला दोरही सांगितला. साहेबांकडे एकदाही पाहिलं नाही. फक्त एक झालं. मी 'तो' म्हणाले, कॉरोनरनी टोकलं, आणि मी लगेच 'ती' म्हणायला लागले. हॅनासारखी वाट शोधायची मला अक्कलही नव्हती नि हिंमतही नव्हती. मी 'ती' म्हणाले आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले.

जूरी पंचवीस मिनिटांत परत आली. मालकाच्या घोर हलगर्जीपणामुळे मनुष्यवध, आणि मालकाचं नाव घेऊन. साहेबांना खालच्या मजल्यावरच अटक झाली. जिना उतरताना हॅना वाटेत उभी होती, त्यांना तिच्या बाजूनं अंग चोरून जावं लागलं. ती हलली नाही.

लँकेस्टरला खटला चालला, तिथे ते सुटले. मोठा वकील, मोठी जूरी, आणि तीत बंदरातलं कुणी ओळखीचं नाही. सगळं मिटलं असं समजून साहेब धक्क्यावर परतले, तर यारीला हात लावायला एकही हमाल तयार नाही. टॉट रिमरनं सगळ्यांना शब्दानं बांधून घेतलं होतं. सेडनला स्वतः टोपल्या उतरवाव्या लागल्या.

माझी नोकरी साक्षीच्याच दिवशी गेली होती, घर महिन्यानं गेलं. मी हेरिंग कापायच्या टेबलावर कामाला गेले, हॅनाच्या समोर उभी. पाच आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. सहाव्या आठवड्यात माझं बोट कापलं, तिनं स्वतःच्या एप्रनची पट्टी फाडून ते बांधलं.

"तुला कोपऱ्यात ढकललं मी," ती म्हणाली. "त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पण तू त्याला ती म्हणालीस."

"भ्याले, हॅना."

"माहीत आहे. म्हणून तर पाच आठवडेच."

रोज कामाला जाताना ती ब्लेमायरच्या कचेरीच्या खिडकीसमोर थांबायची. पाच मिनिटं. ओरडायची नाही, थुंकायची नाही, कमरेला मासे कापायची सुरी आणि अंगावर मेणकापडाचा ऑइलस्किन कोट. पावसातही उभी, गारठ्यातही उभी. त्यांनी पोलीस बोलावला, पण रस्त्यावर उभं राहायला कायद्यानं मनाई नव्हती. पडदे लावले. मग पडद्यासमोर उभी राहिली.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी साहेब तिच्या दारात आले. मी तिच्याकडे चहाला होते. साहेब खूप खंगले होते. टोपी हातात.

"मिसेस गार्स्टँग," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला या नावानं हाक मारली नव्हती. "तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"काही नको."

"मग रोज का उभ्या राहता? डॉक्टर म्हणतो माझी तब्येत—"

"तब्येतीसाठीच उभी राहते," हॅना म्हणाली. "चहा संपलाय, नाहीतर विचारलं असतं." चहा संपलेला नव्हता. किटली आमच्या दोघींमध्ये वाफ सोडत होती. त्यांनी ती पाहिली आणि गेले.

त्याच हिवाळ्यात धक्का विकला. ट्रॉलर केव्हाच पलीकडच्या बंदरात लागायला लागले होते. साहेब साउथपोर्टला बहिणीकडे गेले. सूड माणसाला आतून खातो असं आमचा पाद्री प्रत्येक वर्षी सांगायचा आणि सांगताना हॅनाच्या बाकाकडे बघायचा. हॅना त्या दोन वर्षांत अंगानं भरली. गाऊ लागली, तेही बेसूर.

मी एकदा विचारलं, आता तरी मन निवलं का. "निवेल कसं," ती म्हणाली, "तो जिवंत आहे नि माझं माणूस नाही."

चौथ्या वर्षी मार्चमध्ये वर्तमानपत्रात साहेबांच्या मरणाची बातमी आली, सहा ओळी. जेवणाच्या सुट्टीत मी ती तिला वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला लावली, सावकाश. मग टोपलीतला पुढचा हेरिंग उचलून तिनं त्याच्या पोटात सुरी घातली आणि विचारलं, "किती दिवस आजारी होता, ते लिहिलंय का?"