तयार फेटा

स्टेजवरच्या सगळ्यांना सर्जेरावानं फेटा हातानं बांधला. माझ्या डोक्यावर वरनं सोडला.

लोकसभेचं इलेक्शन लागलं हुतं. गावच्या चौकात सभा. मधल्या खुर्चीत उमेदवार, बाजूला सरपंच, शेवटच्या खुर्चीत मी. सर्जेराव एकेकाच्या मागं उभा राहायचा, कपाळाला कापड लावायचा, पीळ द्यायचा आणि दोन्ही हातांनी दाबून फेटा बसवायचा. माझ्यापाशी आला आणि थांबला. टेबलावर एक आधीच बांधून, टाके घालून ठेवलेला फेटा हुता. तो त्यानं बोटांच्या टोकांनी उचलला, आणि केसाला हात न लावता सोडून दिला. सैल हुता. कानावर आला. पहिल्या रांगेत कोणतरी हसलं.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी गिळलं असतं. आमच्या माणसांना गिळायची सवय लई जुनी. पण हा सर्जेराव हुता.

आम्ही एकाच गावचे, हुपरीच्या अलीकडचे. तो पाटलांच्या आळीतला, मी बौद्धवाड्यातला. दोघंबी वेल्डर. एकाच एजंटानं मस्कतला धाडलं. चार वर्षं एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. त्याला कावीळ झाली तवा त्याची घाण मी काढली. आमच्या जयंतीला त्यानंच कुठनं तरी निळं कापड पैदा केलं आणि माझ्या डोक्याला फेटा बांधला. चांगला करकचून. म्हणला, "डोस्कं हलवू नगंस मर्दा, पीळ सुटतोय." तिथं मुकादमाच्या तोंडात आम्ही सगळे नुसते 'हिंदी', म्हंजी हिंदुस्तानी. शिवी पडायची, तीबी सगळ्यांना सारखीच.

तिथं देशाची बातमी ऐकली की ऊर भरून यायचा. परत आलो तर जिथंतिथं बोर्ड. देश पुढं चाललाय. टीव्हीवर तेच, चहाच्या गाड्यावर तेच. बरं वाटायला पायजे हुतं. पण वाटलं न्हाय. कोल्हापूरच्या स्टँडपर्यंत सर्जेरावाचा हात माझ्या खांद्यावर हुता. गावच्या एसटीत चढला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. मागं वळून बघितलं न्हाय. मी म्हणलं, जागा नसंल. एसटी अर्धी रिकामी हुती.

आठवड्यानं सरपंच आमच्या घरला आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे.

"काय पावणं, कवा आलासा?"

माझ्याच गावात मी पावणा. संशय तिथंच आला. आमच्या दारात ह्या माणसाची चप्पल कधी वाजली नव्हती.

"सभेत दोन शब्द बोला की. बाहेरचं जग बघून आलाईसा. सांगा, आपल्या देशात आता जातपात राहिली न्हाय. तुमच्या वस्तीच्या नळाचं मी बघतो."

आमच्या अख्ख्या वस्तीला एक आड. उन्हाळ्यात त्याचा तळ दिसायचा. आई आतनं ऐकत हुती. सरपंच गेल्यावर म्हणाली, "बोल की लेका. दोन शब्दांनी तुझं काय झिजतंय?" तिचं काय चुकलं? घागरी वाहून तिची कंबर गेलीती. म्हणून मी गेलो. नळासाठी गेलो.

आणि आता स्टेजवर, माईकसमोर, एका हातानं फेटा सावरत उभा हुतो. तो हात सोडला तर फेटा गळ्यात येणार. मला एकदम कळलं. ह्यांना माझं बोलणं पायजे, मी नगं. देश देश म्हणत्यात, पण ह्यांचा देश नेमका कुठल्या आळीपर्यंत हाय?

फेटा काढला. टाके उसवले. सगळं कापड मोकळं केलं आणि माईकवरच म्हणलं, "सर्जेराव, मस्कतला बांधलावतास तसा बांध. मग बोलतो."

सर्जेरावानं सरपंचाकडं बघितलं. सरपंच हसले. "अहो, वेळ कमी हाय. उरका." सर्जेरावाचा हात जरासा वर आला. मी बघितला. मग त्यानं तो पाठीमागं घेतला. माझ्याजवळ येऊन हळू म्हणला, "भावा, हितं नगं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलं, खोटं कशाला बोलू.

"जात गेली का न्हाय, ते ह्यास्नी विचारा," एवढंच माईकवर बोललो. कापडाची घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि स्टेजच्या पुढच्या पायऱ्यांनी, लोकांसमोरनं उतरलो.

नळ आला न्हाय. वस्तीतल्या बाया मला बोलल्या. आई तर माझ्याशी बोलायचीच बंद झाली. ते मला सभेतल्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. पण एक दिवस तिनंच रिकामी घागर माझ्यापुढं आदळली. "एवढा शाणा हाईस तर चल की पंचायतीवर." त्या दिवसापासनं आम्ही पंचायतीच्या दारात बसायला लागलो. घागरी पुढं, आम्ही मागं.

सर्जेराव परत मस्कतला गेला. त्याचा एसटीडी बूथवर फोन आला. आवाज तोच, मायेचा. "ये की मर्दा. तुझी खाट कुणाला दिली न्हाय. हितं काय भेद न्हाय बघ."

"दे कुणालाबी," मी म्हणलं. "तिथला फेटा मला नगं. तू गावात 'हितं नगं' म्हणलावतास. मला हितंच पायजे. माझ्या गावात, चौकात, भर सभेत."

तो काहीतरी बोलत हुता. मी फोन ठेवला, बाहेर ठेवलेली घागर उचलली आणि पंचायतीच्या वाटंला लागलो.