मालनबाईंचा काळा फोन

आमच्या समोरच्या फ्लॅटला सकाळी बाहेरून कुलूप लागतं ते संध्याकाळी निघतं. मुलगा-सून कामाला गेले की आत एकट्या मालनबाई असतात. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, मग एकदा जिन्यात पाय घसरला, आणि त्यांच्या मुलानं, आनंदनं, जाळीच्या दाराला कुलूप आणलं. वारज्यातल्या आमच्या सोसायटीत सगळे त्याला श्रावणबाळ म्हणतात. काळजी करावी तर अशी, की माणसाला हलायलाच नको.

आतलं लाकडी दार मात्र त्या उघडं ठेवतात. दुपारी मी भाजी निवडायला माझ्या दारात बसते, त्या जाळीपलीकडे बसतात आणि ऐकलेलं पुस्तक मला सांगतात. फोन वापरायला त्यांना त्यांच्या जुन्या मैत्रिणीनं, अख्तरबानूंनी, शिकवलं. अख्तरबानूंनाही दिसत नाही. बोट फिरेल तिथलं फोन वाचून दाखवतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडतं, अंधांसाठीच्या ग्रंथालयातली पुस्तकं त्यात उतरवता येतात आणि थांबलो तिथून पुढं ऐकता येतात. फोन चालू ठेवून पडदा पार काळाही करता येतो. आपल्याला उजेड काय करायचाय, बॅटरी तरी वाचेल, असं अख्तरबानूंचं म्हणणं. तेव्हापासून मालनबाईंचा फोन काळाच.

त्यांना आवडायच्या खुनाच्या कादंबऱ्या. त्या वेळच्या कादंबरीत मांजरी गावातल्या उसात एका ठेकेदाराचं प्रेत सापडलं होतं आणि खुनी कोण, यावरून आमचे रोज वाद चालले होते.

एका रविवारी त्या अंघोळीला गेल्या असताना आनंदनं फोन उचलला. पडदा काळा. बटणं दाबली, तरी काळाच. इअरफोन लावलेला, त्यामुळे आवाजही बाहेर आला नाही. फोन बंद पडलाय आणि आईला बिचारीला कळलंही नाही, या विचारानं त्याला भरून आलं. तो तडक दुकानात गेला. दुकानदारानं आतलं सगळं पुसून फोन कोरा केला, पडदा उजळला. आनंदनं वर दोन-चार भजनं टाकून तो आईच्या हातात ठेवला.

फोनचं बोलणं गेलं, पुस्तकं गेली. बोट फिरवलं तर नुसती काच. पण मुलानं सुट्टीचा दिवस घालवला होता आणि सून नम्रता भेटेल त्याला कौतुकानं सांगत होती. मालनबाई म्हणाल्या, छान झाला. मला राग येतो तो इथं.

हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा त्या रोजच्यासारख्याच कानात इअरफोन घालून बसत आणि गोष्ट सांगत. मला वाटलं, लेखकाचं डोकं फिरलंय. संशयित वाढले, फौजदार मध्येच काशीला गेला, आणि एका दुपारी तो ठेकेदारच चहा प्यायला आला.

"अहो, तो मेला ना उसात?" मी म्हटलं.

मालनबाईंनी जाळी घट्ट धरली. "मला दुसरं काही सुचेना हो," त्या म्हणाल्या आणि मग सगळं सांगितलं. दिवसभर मुका फोन मांडीवर घेऊन त्या मनानं गोष्ट रचत होत्या, निदान मी तरी येऊन बसावं म्हणून. आनंदला सांगणार नाही, असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं.

सांगणार नाही म्हटलं होतं, विचारणार नाही असं नव्हतं. संध्याकाळी तो कुलूप काढत असताना मी मुद्दाम दारात उभी राहिले आणि फोन कसा चालतोय, असं विचारलं. आईलाच विचारा, तो हसून म्हणाला. मालनबाईंच्या ओठांवर 'छान' आलेलं मला दिसलं. ते त्यांनी गिळलं.

"फोन तुला दिसायला लागला आनंदा, तेव्हापासून मला दिसेनासा झालाय."

तो कुलूप हातात घेऊनच आत गेला. मग मालनबाईंनी सगळं सांगितलं, त्यानं अख्तरबानूंना फोन लावला, त्या सांगतील तिथं दाबत गेला आणि रात्रीच्या जेवणाआधी फोन बोलू लागला. मालनबाईंनी सगळ्यात आधी पडदा काळा केला. आनंदचा हात सवयीनं पुढं गेला, पण त्यानं तो मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केर टाकायला बाहेर आले, तेव्हा तो दाराला कुलूप लावत होता.

"आनंदा," आतून मालनबाई म्हणाल्या, "या कुलपाचंही फोनसारखंच आहे रे."

लिफ्ट आली आणि गेली. किल्ली कुलपातच होती आणि तो तिच्याकडे बघत उभा होता.