देवीपुढं चिरलेली कोथिंबीर

जिभेचं टोक टाळूला लावून मागं नेलं की मधोमध एक बारीक शिवण लागते. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला ती माझ्याच तोंडात शोधायला लावली. पोटातल्या बाळाची टाळू दोन्ही बाजूंनी वाढत येते आणि मधे जुळते. पुढं हाड, मागं नुसतं मांस, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. माझ्या मुलीची टाळू जुळलीच नव्हती. दूध पाजलं की नाकातून बाहेर यायचं. हे सगळं तिसरा महिना संपेपर्यंत घडून गेलेलं असतं, त्यात तुमचा काही दोष नाही, असं त्या म्हणाल्या.

कडेगावजवळच्या आमच्या घरी येऊन मी हे सांगितलं, हा माझा मूर्खपणा. तिथं निकाल आधीच लागला होता. सातव्या महिन्यात ग्रहण होतं, तेव्हा मी काहीतरी चिरलं असणार. खरं तर त्या दिवशी मी पाण्याचा घोटही न घेता चटईवर बसून होते, आणि राखणीला दारात खुद्द सासूबाई होत्या. पण त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा ग्रहणावर जास्त विश्वास. तिसरा महिना आधी येतो की सातवा, हे मी बोटांवर मोजून दाखवलं, तर त्या माझ्या बोटांकडं बघत राहिल्या. नवरा फौजेत. फोनवर त्या शूर माणसाला एवढंच सुचलं, "आई म्हणती तर आठवून तरी बघ."

ऑपरेशन वर्षाच्या आसपास व्हायला हवं होतं, नाहीतर पोरीचं बोलणं नाकातच राहिलं असतं. आणि सासूबाईंचा हट्ट असा, की आधी औंधच्या यमाईपुढं चूक कबूल कर, मगच पोरीला दवाखान्यात न्यायचं. दहा महिने मी भांडले. शेवटी औंधच्या पायऱ्या चढले आणि देवीसमोर धडधडीत खोटं बोलले, की कोथिंबीर चिरली. वांगं म्हणायचा धीर झाला नाही. सासूबाईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. पुढच्याच महिन्यात ऑपरेशन झालं.

मुलगी आता पाच वर्षांची आहे. 'काका', 'गाजर' लख्ख म्हणते. श्रेय अर्थातच कबुलीला. माझी कोथिंबीर सगळ्या भावकीत फिरली; बारशाला गेलं की बायका एकमेकींना खुणावतात, हीच ती. मला त्यांचं हसू यायचं. सगळ्या अडाणी, मी तेवढी शहाणी.

मग परवाचं ग्रहण आलं. धाकटी जाऊ सहा महिन्यांची गरोदर. भर दुपारी ती त्याच चटईवर ओठ सुकवत बसलेली. मी दार लोटलं, पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला आणि पहिल्यांदाच कुणालातरी त्या कबुलीचं खरं सांगितलं. मी काही चिरलं नव्हतं, पोरीच्या ऑपरेशनसाठी खोटं बोलले, तू पाणी पी.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. बाहेर अंगणात माझी मुलगी मोठमोठ्यानं गाणं म्हणत होती. जाऊनं कान तिकडं लावला.

"आक्का, तुमी चिरलंच न्हाई, तर मग कबूल केल्यावर ती बरी कशी झाली?" ती म्हणाली, आणि तांब्या हळूच माझ्याकडं सरकवला.